भाकरीवरचा ससा

शुक्रवार पेठेतल्या गिरिजाबाईंच्या दुकानावरची पाटी त्यांच्या नवऱ्याने, निंगप्पाने, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी रंगवून घेतली होती. ‘निंगप्पा कडक भाकरी. दोन महिने ठेवा, बुरशी येणार नाही.’ निंगप्पा जाऊन अकरा वर्षं झाली, पण पाटीवरचा शब्द गिरिजाबाईंनी खाली पडू दिला नाही. भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर इतकी वाळवायची, की मोडताना शेजारच्या दुकानात आवाज गेला पाहिजे. कुणाच्या तरी मुलाबरोबर ती भाकरी जर्मनीपर्यंत गेली होती, आणि तिकडूनही तक्रार आली नव्हती.

अशा घरात जून महिन्यात विज्ञान आलं.

आणलं ते सूनबाईने, दानेश्वरीने. मुलगा शिवानंद पुलांच्या कामावर. आज टेंभुर्णी, उद्या नातेपुते. त्याच्या मागे फिरून मुलांच्या चार वर्षांत चार शाळा झाल्या. तेरा वर्षांच्या काव्याला तीन शाळांनी तीनदा पाण्याचं चक्र शिकवलं, आणि नऊ वर्षांच्या बसूला भागाकार कुणीच शिकवला नाही. दानेश्वरी लग्नाआधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. ती म्हणाली, “बास. आता मुलं सोलापूरला आईंजवळ राहतील आणि मी त्यांना घरीच शिकवीन.” मराठी, गणित, इतिहास सगळं ठरलं. अडलं ते विज्ञानाशी.

“दोन अभ्यासक्रम आलेत, आई,” तिने एका दुपारी पुस्तकं मांडली. “पहिला आहे त्यात तिघांना तीन पुस्तकं, तीन खोकी, तीन वेगळे विषय. ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे. दुसऱ्यात सगळ्या घराला एकच विषय. धाकटीने चित्र काढायचं, मधल्याने मोजायचं, थोरलीने कारण शोधायचं.”

“आमच्या वेळी एकच होतं,” गिरिजाबाई म्हणाल्या. “कपाटात कुलपात.”

ते खरंच होतं. अक्कलकोटच्या त्यांच्या शाळेत काचेच्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक होता आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. सातवीत एकदा तो बाहेर निघाला. पस्तीस मुलींची रांग लागली. गिरिजेचा नंबर आला तेव्हा घंटा व्हायला आली होती. तिने डोळा लावला आणि तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. वहीत तिने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘अमिबाला काळे केस असतात.’ मास्तरांनी बरोबरची खूण केली. त्यानंतर विज्ञानावरचा तिचा विश्वास जरा पातळच राहिला.

दोन्ही अभ्यासक्रम थोडे थोडे करून बघायचे ठरले.

पहिला आठवडा तीन खोक्यांचा. सोमवारी माजघरात काव्या तारा जोडत होती, मोरीत बसूचा ज्वालामुखी फुटत होता आणि पाच वर्षांची रुद्राणी बादलीपाशी बसून काय तरंगतं, काय बुडतं ते बघत होती. दानेश्वरी तिघांच्या मध्ये धावत होती. मंगळवारी भाकरीच्या पिठाजवळ पुन्हा ज्वालामुखी आला. बुधवारी दानेश्वरीने चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि तो स्वतःच पिऊनही टाकला, तिला कळलं नाही. गुरुवारी भाकऱ्या थापायला येणाऱ्या दगडाबाईची मिश्रीची डबी बादलीच्या तळाशी सापडली.

“बुडते!” रुद्राणीने आनंदाने सांगितलं.

“बुडवल्यावर बुडतीच की!” दगडाबाई ओरडली. “त्याला शाळा कशाला लागतीय? आक्का, ह्या पोरांस्नी आवरा, न्हायतर उद्या मला बादलीत घालतील, बुडती का बगायला.”

दुसऱ्या सोमवारी एकच पुस्तक उघडलं. विषय निघाला बुरशी. ‘ब्रेडचे दोन तुकडे घ्या.’

त्या घरात ब्रेड कधी आला नव्हता. निंगप्पाला तो शत्रुपक्षाचा माणूस वाटायचा.

“मग भाकरी दे की, अज्जी,” बसू म्हणाला.

गिरिजाबाईंनी हसत हसत एक भाकरी मोडून दिली. काव्याने एक अर्धुक कोरड्या बरणीत ठेवलं. दुसऱ्यावर चमचाभर पाणी शिंपडलं आणि दुसरी बरणी बंद केली.

“अगं, पाणी कशाला? आपण भाकरीला पाणी लावून ठेवतो का?”

“प्रयोग आहे, आई,” दानेश्वरी म्हणाली. “आता प्रत्येकाने अंदाज सांगायचा. बुरशी येईल की नाही?”

“दोन्हीत नाही येणार. पाटी वाचा,” गिरिजाबाई म्हणाल्या, आणि काव्याने ते ‘अज्जीचा अंदाज’ म्हणून तारखेसकट लिहून ठेवलं.

मग तिघं एकाच बरणीभोवती बसली. घर इतकं शांत झालं, की दगडाबाईने दोनदा आत डोकावून पाहिलं. रुद्राणीने ओल्या भाकरीचं चित्र काढलं. तिला भाकरीवरच्या करपट डागात ससा दिसला होता. बसूने स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरणी ठेवून वजन लिहिलं. काव्याने पानभर कारणं लिहिली.

बुधवारी दुपारी मुलं झोपल्यावर गिरिजाबाई सहज बरणीपाशी गेल्या. सशाच्या कानापाशी मोहरीएवढा पांढरा लव आलेला ठिपका होता.

“अय्यो शिवा!”

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. पाटीची नुसती मागची बाजू दिसत होती, पण अक्षरं त्यांना पाठ होती. चाळीस वर्षं ज्या शब्दावर माणसं बरण्या भरून भाकरी न्यायची, तो शब्द सुनेच्या चमचाभर पाण्याने बुडणार? आणि मुलं काय घरात गप्प बसणार होती? बसू तर पेठेत येणाऱ्याजाणाऱ्याला घरातली बातमी सांगायचा.

त्यांनी झटक्यात ताजी भाकरी मोडली, पाणी शिंपडलं, बरणीत ठेवली आणि झाकण लावलं. काढलेला तुकडा फेकायचा त्यांना धीर झाला नाही. अन्न ते अन्न. पिठाच्या पिंपामागे एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात तो ठेवला. शनिवारी पुन्हा तोच प्रकार झाला. डब्यात दुसरा तुकडा गेला.

पुढच्या मंगळवारी दानेश्वरी फोनवर नवऱ्याला सांगत होती, “नऊ दिवस झाले, बुरशीचा पत्ता नाही. पुस्तकात लिहिलंय चौथ्या दिवशी येते. प्रयोगच चुकीचा दिलाय त्यांनी. परत पाठवते हे. पहिलंच घेते, तीन खोक्यांचं. हो, मग ज्वालामुखी तर ज्वालामुखी.”

गिरिजाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. डोळ्यांपुढे मोरी आली. पण त्यांनी पुढचा गोळा थापायला घेतला.

“परत पाठवायच्या आधी निष्कर्ष तरी लिहू,” काव्या म्हणाली. तिने तिघांच्या वह्या जमिनीवर मांडल्या. गिरिजाबाईंना का कोण जाणे, तहान लागली.

“ससा कुठं गेला?” रुद्राणीने विचारलं.

“कुठला ससा?”

“भाकरीवरचा. तीन दिवस होता. मग गाय आली. आता छत्री आहे.” तिने चित्रं पुढे केली. “मी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, हो का, छान.”

दानेश्वरी गोरीमोरी झाली.

काव्याने चित्रं बरणीशेजारी धरली. पहिल्या तीन चित्रांत ससा, पुढच्या तीन चित्रांत गाय, नंतर छत्री. मोडलेली कडसुद्धा प्रत्येक वेळी वेगळी.

“थांब थांब,” बसूने स्वतःचं पान उघडलं. “बुधवारी संध्याकाळी वजन एकदम अकरा ग्रॅमने वाढलं होतं. मला वाटलं मीच चुकलो, म्हणून खोडलं. शनिवारी नऊने कमी झालं. तेही खोडलं.”

“खोडायचं नसतं, गाढवा,” काव्या म्हणाली. ती उठून उभी राहिली. “भाकरी बदलली आहे. दोनदा. दोन्ही वेळा दुपारी, कारण सकाळची चित्रं जुनी आहेत. दुपारी आम्ही तिघं आणि आई झोपतो. म्हणजे इथे उरतं कोण?”

सगळ्यांच्या नजरा पोळपाटाकडे वळल्या. तिथे दगडाबाई पिठाच्या हाताने बसली होती.

“माज्याकडं काय बगताय?” दगडाबाई ताडकन उठली. “मिश्री माजी बुडवली, आता आळ पण माज्यावरच? वीस वर्सं हितं हाय मी! हिशोब करा माजा, निगाले मी नातवाकडं!”

गिरिजाबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. पाटी काय, पत्र्याची होती. पण दगडाबाई माणूस होती.

“बस खाली, दगडे. मी बदलली.”

गिरिजाबाई पिंपामागे वाकल्या, पत्र्याचा डबा काढला आणि मुलांपुढे ठेवून मान वळवली. “बघा. आली बुरशी. निंगप्पाची भाकरी. आता त्या बसूला म्हणावं पेठेत सांग, आणि पाटी उतरवा.”

डबा उघडताच तिन्ही मुलं एकदम किंचाळली. त्या घाबरून वळल्या, तर मुलं आनंदाने नाचत होती. एका तुकड्यावर हिरवं, काळं, पिवळं असं गालिच्यासारखं उगवलं होतं. दुसऱ्यावर नुकतंच पांढरं.

“अज्जी, हे तर दोन टप्पे आहेत! तू फेकलं नाहीस!” काव्याने पुस्तकाबरोबर आलेलं भिंग काढलं. “ये, बघ.”

“नको गं. मला पापण्या दिसतात.”

“भिंग लांब धर. आता?”

गिरिजाबाईंनी धरलं. भाकरीवर पांढऱ्या बारीक दांड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला काळा मणी होता; कणसं लागलेलं शेतच जणू. त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मागून बसूने दोनदा “आता माझी पाळी” म्हटलं, पण त्या हलल्या नाहीत. पस्तीस मुलींची रांग मागे असती, तरी हलल्या नसत्या.

“आणि कोरडी?” दानेश्वरीने पहिली बरणी उघडली. सगळ्यांना तिचा विसरच पडला होता. नऊ दिवसांची भाकरी. तिने एक टोक मोडलं. कड्! दगडाबाईने ते हातातून घेतलं आणि खाऊन टाकलं.

“निंगप्पा आन्नांची भाकर हाय. काय झालं न्हाय तिला. पानी लावून ठिवणारं यडं कोण असतंय?”

“म्हणजे पाटी खोटी नाही,” काव्या म्हणाली. “अर्धी आहे.”

पुस्तक परत गेलं नाही, तीन खोकी गेली. रविवारी पेंटर आला. गिरिजाबाईंनी त्याला सांगितलं, “खाली लिही, ‘कोरडी ठेवल्यास’. बारीक लिही, कोपऱ्यात.”

बसू टेप घेऊन शिडीपाशी उभाच होता. “वरचं अक्षर साडेचार इंच आहे, अज्जी. खालचंही साडेचारच पाहिजे. नाहीतर ती फसवणूक झाली.”

गिरिजाबाईंनी पाटीकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं, आणि पेंटरला म्हणाल्या, “लिही बाबा साडेचार. हा उद्या मोजायला पुन्हा शिडीवर चढेल.”

मग त्यांनी आत हाक मारली, “दानेश्वरी, पुढचा धडा कशाचा आहे?”

“मुंग्यांचा, आई.”

गिरिजाबाई उठल्या आणि साखरेचा डबा स्वतःच मुलांपुढे नेऊन ठेवला.