बुटकीच्या पोटातलं गाव

"भट्टीवरचं भिजवलेलं पीठ बुटकीला घालू नकोस हं, धाकटे. पावाचा वाळका तुकडा चालेल. ओलं पीठ नाही म्हणजे नाही."

आत्याबाईंनी हे सांगितलं तेव्हा धाकटीच्या खांद्यावर बाळ होतं आणि तिचा सगळा जीव त्याच्या ढेकरेत अडकला होता. तिने मान डोलावली. आत्याबाई तिच्या नवऱ्याची आत्या, आणि उठल्यापासून झोपेपर्यंत त्यांच्या सूचनांचा पट्टा चालूच असायचा. बाळाचे कान कोरडे ठेव, दुधावर झाकण ठेव, गोठ्याची कडी नीट लाव. त्यात ही एक. या कानाने आत आली, त्या कानाने निघून गेली.

घर पाववाल्यांचं. पुढे दुकान, मधे भट्टी, मागच्या अंगणात गोठा आणि गोठ्यात एकुलती एक गाय. पाय आखूड म्हणून तिचं नाव बुटकी. ती आणि धाकटी मागेपुढेच बाळंत झालेल्या, त्यामुळे दोघींचं चांगलंच गुळपीठ होतं. दुपारी दुकानात सामसूम झाली की धाकटी बाळाला पाजायला गोठ्याच्या पायरीवर येऊन बसायची. समोर बुटकी डोळे अर्धे मिटून रवंथ करत असायची. धाकटीला बाळाची सारखी धास्ती. किती प्यालं, किती ओकलं, वजन वाढलं की नाही. दुकानातल्या तराजूवर दुपटं घालून ती त्याला तोलायची.

"पोर आहे ते, पाव नव्हे," आत्याबाई म्हणायच्या. "वजनात कमी भरलं तर काय गिऱ्हाईक परत करणार आहे?"

एका दुपारी वीज गेली ती गेलीच. भट्टी थंड पडली आणि मळलेलं पीठ फुगता फुगता टोपाच्या काठावरून खाली उतरायला लागलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "गेलं कामातून. फेकून दे."

एवढं अन्न फेकवेना. धाकटीने गोठ्याकडे पाहिलं. व्यायल्यापासून बुटकीच्या बरगड्या दिसत होत्या. दिवसभर दूध द्यायचं आणि वर नुसतं गवत चघळायचं, त्याने कुठली ताकद येणार? कॉलेजात शिकलेल्या धाकटीला पिठात किती शक्ती असते ते ठाऊक होतं. तिने अख्खा टोप गव्हाणीत उपडा केला. बुटकीने मिटक्या मारत पीठ संपवलं आणि टोपही चाटून लख्ख केला. धाकटीला फार बरं वाटलं.

दिवेलागणीला वासरू ढुशा देत होतं आणि बुटकी मान खाली घालून उभी होती. डावी कूस टम्म फुगलेली. दात करकर वाजत होते, पण जबडा रवंथासाठी फिरत नव्हता. रोज समोर बसून पाहिलेला तो जबडा असा गप्प कधीच नव्हता. धाकटीने हाक मारेपर्यंत बुटकीने गुडघे टेकले आणि ती खाली बसली.

गुरांच्या डॉक्टरबाई स्कूटरवरून आल्या. "काय खाल्लं हिने?"

आत्याबाईंनी धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं, त्याने टोपाकडे.

"मी पीठ घातलं. टोपभर. फुगलेलं," धाकटी म्हणाली.

"लगेच सांगितलंत ते छान केलंत. घरचे गप्प बसतात आणि आमचा वेळ जातो. जीव वाचेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. घरात खायचा सोडा आहे?"

"बेकरीत येऊन सोडा विचारता?" एवढ्या काळजीतही आत्याबाईंना राहवेना. "विहिरीला पाणी आहे का विचारा आता!"

सोडा पाण्यात कालवून नळीने बुटकीच्या पोटात गेला. शिरेत सलाईन लागलं. बाटली ठिबकत असताना डॉक्टरबाई पालथ्या बादलीवर बसल्या आणि धाकटीने विचारलं, "पिठाने असं का व्हावं? आपण खातोच की."

"आपलं पोट वेगळं. हिच्या पोटाचे चार कप्पे. पहिला केवढा? तुमचं ते पीठ मळायचं पिंप आहे ना, त्याहून मोठा. आणि त्यात एक गाव वसलेलं असतं. डोळ्यांना न दिसणारे जीव, अब्जावधी. गवत खरं तर हिला पचतच नाही. ती मंडळी ते कुजवतात, आंबवतात, फोडतात. त्यातून जे रस निघतात त्यांवर ही चालते. त्यांतूनच दूध होतं."

"म्हणजे भाडेकरू," नवरा म्हणाला.

"भाडेकरू, स्वयंपाकी, सगळं तेच. आणि गंमत पुढे आहे. ते वाढतात, वाहत वाहत चौथ्या कप्प्यात पोचतात, आणि तिथे ही त्यांनाच पचवते. हिला मिळणारी बरीचशी प्रथिनं त्यांचीच. गवत खायला घालून ही त्यांना पोसते आणि मग त्यांच्यावर जगते."

"अगोबाई!" आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "पाहुण्यांना पोटभर जेवू घालायचं आणि शेवटी पाहुणेच...?"

"अगदी तसंच. फक्त पाहुण्यांना घाई चालत नाही. गवत सावकाश आंबतं. पीठ एकदम आंबतं, सगळं आंबट होतं आणि गाव मरायला लागतं. एरवी आंबटपणा वाढू नये म्हणून तर रवंथ. चावताना बादल्याच्या बादल्या लाळ सुटते. त्या लाळेत सोडाच असतो."

"ही घरचा सोडा बनवते?" नवऱ्याचे डोळे विस्फारले. "आणि मी मेला पोत्याने आणतो!"

धाकटी बुटकीच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिली. इतके दिवस ती ज्याला आळशीपणा समजत होती, ते केवढं मोठं काम चाललं होतं! आपल्यासमोर, आवाज न करता, एका बुटक्या गाईच्या आत.

सकाळी फुगवटा उतरला होता. बुटकी उठून उभी राहिली होती, पण गवताला तोंड लावत नव्हती. डॉक्टरबाईंनी डाव्या कुशीला छाती तपासायची नळी लावली आणि दुसरं टोक धाकटीच्या कानात दिलं. आत काहीच नव्हतं. सुट्टीच्या दिवशीच्या शाळेसारखी शांतता.

"आंबटपणा ओसरला, पण गाव उठून गेलंय. नवी वस्ती करायला हवी. आणि ती औषधाच्या दुकानात मिळत नाही. जवळपास दुसरी धडधाकट गाय आहे?"

समोरच्या सुताराकडे होती. बाळ आत्याबाईंच्या हातात देऊन धाकटी डॉक्टरबाईंच्या मागे पळाली. सुताराच्या परसात लाकडाच्या भुशाचा वास होता आणि त्याची म्हातारी गाय निवांत रवंथ करत बसली होती. धाकटीने तिच्या कुशीला नळी लावली आणि दचकून मागे झाली. आत दूरवर ढग गडगडावेत तशी घरघर उठत होती, वाढत होती, विरत होती. मधेच भट्टीतून काढलेला पाव गार होताना तडतडतो तसं बारीक तडतडणं. मग पुन्हा घरघर.

"जिवंत आहे," ती पुटपुटली.

"गाय? आहेच की जिवंत," सुतार म्हणाला.

"आता रवंथाचा गोळा पोटातून वर आला की तो चोरायचा, गाव त्यातच असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी तोंड धरते. पण वेळ साधली पाहिजे. मानेकडे कोण बघतंय?"

"मी बघते." बघणं हेच तर धाकटीचं काम. म्हातारीने घास गिळला. ती क्षणभर स्वस्थ. मग मानेच्या बुडाशी एक फुगीर गाठ उमटली आणि सरसर वर चढली. "आला! आला!" डॉक्टरबाईंनी बाजूने जबडा उघडला, धाकटीचा हात गालात शिरला आणि हिरवा, ऊन, लिबलिबीत गोळा तिच्या मुठीत आला. म्हातारीने इतक्या अपमानित नजरेने पाहिलं की सुतार खो खो हसला.

"तोंडचा घास काढून घेणं म्हणतात ते हेच! माफ कर गं म्हातारे, शेजारधर्म आहे."

असे आणखी काही घास जमले. कोमट पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून ते हिरवं पाणी बुटकीच्या पोटात गेलं. पुढे वाळलं गवत ठेवलं. "आता आपल्या हातात काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जबडा हलला तर वाचली. नाही हलला तर मनाची तयारी ठेवा."

धाकटी पायरीवर बसली ती हललीच नाही. बाळाला तिथेच पाजलं, तिथेच निजवलं. बुटकीने दोन काड्या उचलल्या, टाकल्या. मग एक काडी गिळली. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा बुटकी खाली बसली आणि धाकटी ताडकन उठली. पण बुटकीची मान ताठ होती. मानेच्या बुडाशी एक गाठ उमटली, सरसर वर चढली, आणि जबडा उजवीकडून डावीकडे फिरला. पुन्हा फिरला.

"अहो! आत्याबाई! चावतेय!"

नवरा पिठाच्या हातांनी धावत आला. आत्याबाई बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि पुटपुटत राहिल्या, "चाव गं बाई, चाव." धाकटीने बुटकीच्या कुशीला कान लावला. आत, फार लांबून, नव्या गावाचा पहिला गलबला ऐकू येत होता.

डॉक्टरबाई शेवटचं तपासून निघाल्या. स्कूटर सुरू करता करता धाकटीकडे पाहून म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही काय खाल्लंत कालपासून?"

धाकटीला आठवेना. नवऱ्याने आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी जमिनीकडे. बाळाने किती दूध प्यायलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बुटकीने किती काड्या खाल्ल्या तेही ठाऊक होतं.

बुटकीची गोष्ट धाकटी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. गाव, पाहुणे, सोडा, सगळं, डोळे चमकवत. पण पावाची पिशवी हातात दिल्यावरही ती गिऱ्हाइकाला सोडत नाही, एक मागणं मागते. तेच मागणं तुमच्याकडेही आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात कुणीतरी नुकती बाळंत झालेली असेल. तिचं बाळ बघायला सगळे जातात. तुम्ही तिला बघायला जा. दारातून "जेवलीस ना?" विचारलंत तर ती हसून हो म्हणेल, आणि तुम्ही फसाल. आत जा, बाळ आपल्या मांडीवर घ्या, ताट तिच्यापुढे ठेवा, आणि ती सावकाश, नीट चावून जेवेपर्यंत उठू नका. आजच जाऊन या.