पाण्याला कोण गेलं?

त्यांना सगळं कॉलेज मावशीच म्हणायचं. प्राचार्य मॅडमसुद्धा. विजेच्या कामाचा दोन वर्षांचा कोर्स जिथं चालायचा, त्या विभागाचं स्टोअर गेली बावीस वर्षं मावशींच्या ताब्यात होतं. पकडी, टेस्टर, मीटर, वायरींची भेंडोळी, कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे ते त्या डोळे मिटून सांगत. कोर्सला येणारी माणसंही त्यांना तशीच पाठ होती. कुणी रिक्षा चालवून यायचं, कुणी दुकानातली पाळी संपवून, कुणी पोरांना शाळेत पोचवून. प्रत्येकाला पहिल्या दिवशी हत्यारांची एक पेटी मिळायची आणि ती मावशींच्या हातून मिळायची.

मॅडम नव्या होत्या. त्यांनी दर शुक्रवारी दुपारी शिक्षकांची बैठक सुरू केली, आणि दुसऱ्याच शुक्रवारी ऑफिसातले क्लार्क, ग्रंथपाल आणि मावशी यांनाही बोलावलं. मावशी दाराजवळची खुर्ची बघून अंग चोरून बसल्या.

मॅडमनी विचारलं, "दरवर्षी निम्मी माणसं कोर्स अर्धवट सोडून जातात. का?"

एक म्हणाले, पाया कच्चा. दुसरे म्हणाले, मोबाइल. विजेचे सर सडपातळ अंगाचे, आवाज मात्र खणखणीत. फळ्यावरच्या त्यांच्या आकृत्या बघायला बाजूच्या वर्गातले शिक्षक यायचे. ते म्हणाले, "मॅडम, अभ्यासच करत नाहीत. आम्ही डोकं फोडून घ्यायचं का?"

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

"मी काय सांगणार?" असं म्हणून मावशी थांबल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण तोंड उघडलं आणि बावीस वर्षांचं साचलेलं बाहेर आलं.

"थंड पाण्याचं मशीन माझ्या दाराशी आहे. वर्गात कळत असलं की कुणाला तहान लागत नाही. सर मोटर चालू-बंद करायच्या स्टार्टरची आकृती काढायला लागले की मशीनपुढं रांग लागते."

सगळे हसले. सर हसले नाहीत.

"पितात घोटभरच. मग नुसते उभे राहतात. पुढच्या आठवड्यात उशिरा येतात, त्याच्या पुढच्या आठवड्यात येतच नाहीत. आणि एक दिवस माझ्याकडे पेटी परत करायला येतात. पेटी परत आली की माणूस गेलंच."

हसणं केव्हाच थांबलं होतं. मॅडम कागदावर काहीतरी लिहून घेत होत्या. सरांचा चेहरा एवढासा झाला होता.

घरी मावशींनी सगळं नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी होता, मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "बावीस वर्षं गप्प बसलीस, आणि बोललीस ती नेमकी सरांच्या तोंडावर?"

"खोटं बोलले का मी?"

"खोटं असतं तर बरं होतं. माफी तरी मागता आली असती."

सोमवारी तास संपल्यावर सर स्टोअरमध्ये आले. एक मीटर उचललं, उगाच उलटंपालटं करून ठेवलं.

"आज कोण कोण आलं होतं पाण्याला?" सरांनी विचारलं.

मावशींनी पाच जणांची नावं सांगितली. "आणि लाँड्रीत काम करते ती बाई. दोनदा."

"ती? तिची वही बघा, अक्षर कसं मोत्यासारखं! प्रत्येक आकृती उतरवून घेते."

"उतरवते, सर. कळत काही नाही. तिला वस्तू हातात लागते. लाँड्रीतलं मशीन उघडून पट्टा बदलते ती, स्वतः."

सरांनी मीटर पुन्हा उचललं. "म्हणजे स्टार्टर आधी हातात द्यायचा आणि आकृती मागून?"

"मी कोण सांगणार? पण सहा जुने स्टार्टर कपाटात धूळ खात पडलेत. पुसून ठेवते."

पहिला दिवस फजितीचा गेला. टेबलाटेबलावर स्टार्टर उघडे, स्क्रू जमिनीवर, सगळे एकदम बोलतायत आणि सर खडू हातात घेऊन हरवल्यासारखे मधोमध उभे. "हे आपलं काम नाही," असं ते मावशींना म्हणालेसुद्धा. तरी पुढच्या तासाला त्यांनी स्वतःच स्टार्टर मागून नेले.

तिसऱ्या आठवड्यात लाँड्रीतली बाई पेटी घेऊन आली. तिची पाळी बदलली होती, चार तास बुडले होते.

"आता नाही जमायचं, मावशी. लेकीचा अभ्यास घेऊ की माझा करू?"

नियमाप्रमाणे पेटी घेऊन सही करायची, एवढंच मावशींचं काम. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि न उघडताच म्हणाल्या, "यात एक स्क्रू ड्रायव्हर कमी आहे."

"अहो, मी मोजून आणलंय सगळं!"

"मी पण मोजणार. मला वेळ लागतो. तोवर चल."

हाताला धरून त्यांनी तिला सरांपुढं नेऊन उभं केलं. सर जेवत होते. त्यांनी डबा बाजूला सारला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची पाळी कितीला सुरू होते?"

"साडेनऊला."

"मी आठला येईन. मावशी, स्टोअर आठला उघडेल?"

"पावणेआठला उघडेन," मावशी म्हणाल्या.

आठवड्यातून तीन दिवस सकाळी ती दोघं बसू लागली. महिन्याभरात दोघांची अकरा माणसं झाली. ऑफिसातला क्लार्क आता गैरहजेरीचं पत्र घरी पाठवायची वेळ येईपर्यंत न थांबता, कुणी दोन दिवस दिसलं नाही की सरळ फोन लावायचा. मॅडमनी सरांचा दुपारचा एक तास कमी करून सकाळचे तास त्यांच्या कामात धरले. त्या वर्षी वर्गातल्या चौतीस माणसांपैकी तीस जण परीक्षेला बसले. एवढी माणसं त्या वर्गात शेवटपर्यंत कधीच टिकली नव्हती.

प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी मुद्दाम बिघडवलेला स्टार्टर लाँड्रीतल्या बाईपुढं ठेवला. तिनं झाकण काढलं, वाकून बघितलं, दोन ठिकाणी मीटर लावलं आणि सुटलेली तार चिमटीत धरून दाखवली. परीक्षकांनी आकृती काढायला सांगितली. तिनं न थांबता काढली आणि विचारलं नव्हतं तेही समजावून सांगितलं.

"कुणी शिकवलं हे?"

"सरांनी. आणि मावशींनी."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. "या मावशी कुठला विषय शिकवतात?"

मावशी दारातच उभ्या होत्या, दोन्ही हातांत मीटर. सर ताठ झाले आणि त्या खणखणीत आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या मला शिकवतात."

मावशी वळून स्टोअरमधल्या फळीकडे गेल्या आणि आधीच जागेवर असलेल्या वस्तू पुन्हा जागेवर लावत राहिल्या. कुणी तोंड बघू नये म्हणून.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकून मशीन थांबवलं. "काय म्हणाले? पुन्हा सांग."

मावशींनी पुन्हा सांगितलं. मग तो उठला आणि शेजारच्यांना हाक मारून आत घेऊन आला, आणि मावशींनी, पदर नीट करून, तिसऱ्यांदा सुरुवातीपासून सांगायला घेतलं.