व्हार्निशखालची खुडूक कोंबडी

मी एक जुनी, खुडूक कोंबडी आहे. खुडूक म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसलेली. पण मित्रांनो, मी मातीची आहे आणि माझ्या पोटात गवताचं बी आहे. खरी कोंबडी काही दिवसांनी उठते तरी. माझ्या मात्र वर्षानुवर्षं बसून अंगाला मुंग्या आल्या.

माझा जन्म परसातल्या पत्र्याच्या खोपटात झाला. मला घडवणारी बाई मूर्तिकार. ती मागच्या खड्ड्यातून माती काढायची, चाळायची, त्यात वाळू आणि चिरलेला पेंढा घालून पायांनी तुडवायची. तिने मला भाजलं नाही, सावलीत वाळवलं. गोट्याने घासून गुळगुळीत केलं, पिसांना गेरू लावला, डोळ्यांना कोळसा. जिथली माती घेतली तिथेच परत द्यायची, हा तिचा नेम होता. मूर्ती खड्ड्यात बसवून ती पाणी घालायची. मूर्ती विरघळायची आणि आतलं बी रुजायचं. माझ्याआधीची गाय अशीच हिरवी होऊन गेली. "तू बसलीस की हा खड्डा बुजला," असं ती मला थोपटून म्हणाली आणि तेव्हापासून मला जी घाई झाली ती झालीच.

पण बाईचा नवरा पडला रंगारी. माणूस भला, पण घरातली एक वस्तू त्याच्या ब्रशातून सुटेल तर शपथ. झाडूची दांडीसुद्धा चकाकते. बाई आजारी बहिणीकडे गेली आणि इकडे या गृहस्थाला प्रेमाचं भरतं आलं. त्याने मला व्हार्निशचे हातावर हात दिले.

बाई परतली तेव्हा तो दारातच उभा होता. "बघ, कशी लखलखतेय! आता हिला काही होत नाही."

बाईने माझ्यावर मगभर पाणी ओतलं. ते पाठीवरून घरंगळून गेलं.

"अहो, काय करून बसलात हे?"

"अगं, इतकी सुंदर वस्तू चिखलात घालायची? चांगलं काम टिकवतात."

"टिकायला केलीच नव्हती मी."

एवढं बोलून ती आत गेली. पुढे तिने खोपटाचं कुलूप काढलं नाही.

मला बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर बसवलं. पाहुणे तोंड भरून कौतुक करायचे आणि मी आत तडफडायचे. मग कौतुकही आटलं. माझ्या पाठीवर धूळ बसली, कोणीतरी किल्ल्या ठेवू लागलं. समोरच्या खिडकीतून मला तो खड्डा दिसायचा. त्याच्या कडा ढासळत होत्या, तो रुंदावत होता. पोटातलं बी अजून जिवंत असेल का, या एकाच विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा.

एके दिवशी रंगारी त्याच खिडकीचा जुना रंग खरवडत होता. खरवडायची पत्री लावताच ती लाकडी चौकटीत रुतली. वरून चकचकीत, आत नुसता भुगा! "ओल आत कोंडून रंगवली होती मीच," तो पुटपुटला. तसाच वळून माझ्याकडे पाहत राहिला. मग मला उचलून परसात आला आणि पॉलिशपेपरने घासू लागला. मला गुदगुल्या होत होत्या, दुखतही होतं, पण ओरडावंसं वाटलं ते आनंदाने.

"अगं, बाहेर ये जरा! चुकलं माझं. ही घे तुझी कोंबडी."

बाई उंबऱ्यात आली. मग म्हणाली, "चोचीपाशी जपून. तिथे माती पातळ आहे."

तिच्याच हातांनी तिने मला खड्ड्यात बसवलं. आता रोज रंगारी झारी घेऊन येतो. माझी शेपूट गेली, पिसं गेली, गेरूचे ओघळ मातीत मिसळले. मित्रांनो, वस्तू सांभाळा, जरूर सांभाळा. पण सांभाळण्याआधी ती कशासाठी घडवली, हे घडवणाऱ्याला एकदा विचारा. माझ्यासारखं कोणाला ताटकळत ठेवू नका.

चोच विरघळत आली, म्हणून भराभर सांगून टाकलं. अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण थांबा... पोटात आतून काहीतरी टोचतंय.