मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

मिस्त्रीनं गिअरबॉक्सची तेलकाठी ओढून काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडकं नाकाशी नेलं. जळका वास नव्हता. तेल लालभडक होतं आणि पातळी खुणेबरोबर होती. त्याला वाईटच वाटलं. तेल काळं निघालं असतं तर फार बरं झालं असतं.

“काय म्हणतेय गाडी?” मास्तरांनी विचारलं.

“तेल चांगलं आहे.”

“असणारच. गेल्या महिन्यात बदललंय. मी सांगतो ना तुला, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दणका देते. जाते, मागे येते, परत जाते. म्हातारी झाली, दुसरं काय. तू सरळ गिअरबॉक्स खाली उतरव, दणक्या.”

आता सगळे त्याला मिस्त्री म्हणत असले तरी मास्तरांच्या तोंडी तो अजून दणक्याच होता. मास्तरांनी चाळीस वर्षं गाडी शिकवायचा क्लास चालवला. मिस्त्रीही तिथेच शिकला. क्लच सोडताना तो असे काही धक्के द्यायचा की पहिल्याच आठवड्यात बारसं झालं. धक्का बसला की तो गाडीला नावं ठेवायचा आणि मास्तर ऐकवायचे, “नाचता येईना, अंगण वाकडं. गाडीकडे नको बघूस, पायाकडे बघ.” हे त्यानं शंभरदा तरी ऐकलं असेल.

ही गाडी त्याच क्लासची. ज्यांना अधू पायामुळे क्लच दाबता येत नाही त्यांच्यासाठी मास्तरांनी आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली होती आणि शेजारच्या सीटसमोर स्वतःसाठी एक जादा ब्रेक बसवून घेतला होता. क्लास बंद झाला, बाकीच्या गाड्या गेल्या, ही घरी राहिली.

सकाळी मिस्त्रीनं ती एकट्यानं फिरवून आणली, तर चढावरसुद्धा गिअर कधी बदलला ते कळलं नाही. मग त्यानं आपल्या पद्धतीप्रमाणे मास्तरांना चालवायला लावलं. मालक चालवणार, मिस्त्री शेजारी डोळे मिटून, तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवून बसणार, ही त्याची रीत. डोळे उघडे असले की माणसाला आपल्याला हवा तोच बिघाड दिसतो, असं तो म्हणायचा. पहिला दणका बसला तेव्हा त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. दुसऱ्याला मात्र त्याला राहवलं नाही. त्यानं डोळे उघडून खाली पाहिलं. मास्तरांचा बूट अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर थरथरत होता, बारीक, एका लयीत. मास्तरांची नजर रस्त्यावर होती आणि चेहरा अगदी शांत होता.

आता मास्तर हात धुवायला मागच्या नळावर गेले. मागच्या सीटवर बसून राहिलेल्या मास्तरांच्या बायको, काकू, खाली उतरल्या.

“तीन गॅरेजं झाली,” त्या म्हणाल्या. “कोणी तेल बदललं, कोणी केबल घट्ट केली. प्रत्येकानं ‘झालं काम’ म्हणून परत पाठवलं. या महिनाअखेरीला लेकीला आणायला जायचंय. घाट उतरून जायचं आणि तिला घेऊन घाट चढायचा. तिला आठवा महिना आहे.”

मिस्त्री फडक्याची घडी घालत राहिला.

“काकू, तुम्हाला ठाऊक होतं?”

“सकाळी यांचा कप बशीवर वाजतो. मी बशी देणंच बंद केलं.” त्या नळाच्या दिशेनं बघत होत्या. “मी सांगितलं तर ऐकायचे नाहीत. म्हणून म्हटलं, तुमच्या विद्यार्थ्याकडे चला.”

ज्यांच्याकडून शिकलो त्यांना त्यांचीच म्हण ऐकवायची, एवढं त्याचं तोंड मोठं नव्हतं. आणि ‘झालं काम’ म्हणून गाडी परत द्यावी, तर पुढे घाट होता.

मास्तर हात पुसत आले. रुमालही हातात किंचित हलत होता.

“मास्तर,” मिस्त्री म्हणाला, “आता मी चालवतो. तुम्ही तुमच्या जुन्या जागी बसा. माझं काय चुकतं ते बघा.”

“तुझं काय बघायचंय? बिघाड गाडीत आहे.”

“तरी बघा.”

मास्तर कुरकुरत शेजारी बसले. काकू मागे बसल्या. गॅरेजमागचा रस्ता सरळ आणि रिकामा होता. एकदा मिस्त्रीनं गाडी नीट नेली. दुसऱ्यातून तिसरा पडला, कोणाला कळलंही नाही.

“बघ, आता गप्प आहे,” मास्तर म्हणाले. “नाटकी आहे लेकाची.”

मिस्त्रीनं गाडी वळवली. या वेळी त्यानं पाय पेडलवर हलका ठेवला आणि तो हलवू लागला. बारीक, एका लयीत, जसा त्यानं पाहिला होता तसा. गाडीनं दणका दिला. तिसरा पडला, सुटला, परत पडला.

“हेच,” मास्तर म्हणाले. “हेच ते. बघितलंस?”

मिस्त्री पाय तसाच हलवत राहिला. सवयीनं, चाळीस वर्षांच्या सवयीनं, मास्तरांची नजर रस्त्यावरून खाली, शिकणाऱ्याच्या पायाकडे गेली. ती तिथेच राहिली. आणखी एक दणका बसला. मग मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

मिस्त्रीला वाटलं, आपण फार मोठं पाप केलं. त्याला मास्तरांकडे बघवेना. मास्तर मात्र स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होते. ब्रेकवर तो अजून थरथरत होता.

“केव्हापासून?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

“दिवाळं निघाल्यासारखं तोंड करू नका,” काकू म्हणाल्या. “वर्ष होत आलं. डॉक्टरकडे जाऊ. नाही कोण म्हणतंय?”

“आणि घाट?”

“माझं लायसन्स काय लोणचं घालायला ठेवलंय? तुम्हीच काढून दिलंत. मग एक दिवस भर रस्त्यात माझ्यावर ओरडलात, त्यानंतर मी हात लावला नाही.”

मास्तरांनी मान वर करून समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं.

“म्हणजे अंगण सरळच होतं,” ते म्हणाले.

मिस्त्री दार उघडून खाली उतरला. काकू पुढे आल्या, सीट जवळ ओढून बसल्या आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून थांबल्या.

“आधी आरसा,” मास्तर म्हणाले.

काकूंनी आरसा लावला.

“अजून पंधरा-वीस दिवस आहेत. रोज सकाळी एक तास. मी ओरडणार नाही.”

“बघू.”

काकूंनी गाडी सुरू केली. इतक्या वर्षांत मास्तरांचा पाय शिकणाऱ्याच्या गाडीत त्या ब्रेकवरून कधी हलला नव्हता. मिस्त्री बाहेर उभा राहून बघत होता. मास्तरांनी तो पाय हातानं उचलला, ब्रेकवरून काढला आणि सीटखाली मागे घेऊन ठेवला.

“चल,” ते म्हणाले. “पाय हलका.”