बिनफटीचं घर

सुवर्णा मॅडमनी उदबत्ती पेटवली आणि निकिताच्या पुठ्ठ्याच्या घरात दारातून आत सरकवली.

पहिल्या वर्षाचा सगळा वर्ग भोवती उभा. नाशिकच्या या आर्किटेक्चर कॉलेजात यंदा डिझाइन आणि हवा-उजेड एकत्रच तपासत होते. कितीही देखणं घर असो, धूर कोंडला की नापास, म्हणजे वर्ष गेलं. त्यात मॅडमची ख्याती अशी, की एकदा त्यांनी कुणाच्या मॉडेलकडे नुसतं रोखून पाहिलं, तर तीन खांब वाकून त्यांच्या पाया पडले. चौथा उभा राहिला तो केवळ भीतीनं गोठला म्हणून.

निकितानं ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. पेठजवळच्या पाड्यावर तिचं कुडाचं घर. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर मोकळी फट. मॉडेलमध्येही तिनं ती आधी ठेवली होती. वर्गातल्या सार्थकनं विचारलं होतं, "मांजरांसाठी गॅलरी का गं?" सगळे हसले, आणि तिनं पट्टी चिकटवून फट बुजवली. त्याच आठवड्यात आबा गावी विटांची नवी खोली बांधत होते. त्यांनाही तिनं फोनवर बजावलं, वर फट ठेवू नका, शहरात असलं कुणी ठेवत नाही. लेकीचा हा सल्ला आबांनी पाड्यावर घरोघरी सांगितला.

धूर छताला टेकला, पसरला, खाली उतरला. आत चुलीपाशी उभी केलेली कागदाची बाई हळूहळू दिसेनाशी झाली.

"तुझं माणूस कुठं गेलं?" मॅडमनी विचारलं.

 निकितानं तिथंच आबांना फोन लावला.

"आबा, खोली झाली?"

"झाली की. तू सांगितलं तसं, बोटभर भोक नाय ठेवलं. आज तुझ्या आईनं नवी चूल पेटवलीय."

"आई कुठंय?"

"आतच हाय. वारं लय सुटलंय, म्हून दार लावून घेतलंय तिनं. मी खळ्यावर हाय."

"आबा, पळा. आधी दार उघडा."

फोन चालूच राहिला. त्यात चपलांचा आवाज, धाप, मग नुसता वारा. मॅडमनी पुठ्ठ्याचं छप्पर उचललं. धूर वर सुटला. कागदाची बाई चुलीपाशी आडवी पडली होती.

फोनमध्ये आबा दार वाजवायला लागले.