फाळक्यावरच्या तीन ओळी

मी टिपर ट्रक बोलतोय. गोव्यातल्या डिचोलीच्या खाणीवरचा, आता माझ्या मालकाच्या, कृष्णनाथच्या अंगणात उभा असलेला. जरा जपूनच बोलतो, कारण हसत जवळ येणाऱ्या माणसांवर माझा विश्वास उरलेला नाही.

एके काळी मी डोंगरावरून लोहखनिजाची लाल माती भरून नदीच्या जेटीवर उतरवत असे. तिथून बार्ज ती मुरगाव बंदरात नेई. धुळीपायी लोक मला शिव्या घालत, पण दसऱ्याला कृष्णनाथ माझ्या बॉनेटवर अबोलीचा हार चढवी. मग खाण बंद पडली. हार अजून येतो. हौद्यात पावसाचं पाणी साचतं आणि त्यात बेडूक संसार थाटतात.

कृष्णनाथची मुलगी सिद्धी. तिच्या कॉलेजात स्पर्धा लागली: उद्याची पृथ्वी, फक्त तीन ओळींत. ती माझ्या सावलीत बसून मोठ्याने ओळी जुळवायची.

‘नदी नितळ,
डोंगर हिरवागार,
रस्त्यावर ट्रक नाही.’

बघा! माझ्याच सावलीत बसून मलाच पुसून टाकते. मला फार लागलं ते.

त्याच आठवड्यात सावंतवाडीचा भंगारवाला स्वप्नील आला. टायरवर लाथ मारून म्हणाला, “लोखंड बरा आसा. आयतवारी न्हेतंय.” कृष्णनाथने खाली बघत मान हलवली. दुसऱ्या दिवशी सिद्धी टेप आणि रंगाचा डबा घेऊन आली. तोडण्याआधी माप घेऊन खुणा करतात, हे मी पाहिलं आहे. बापलेक आणि भंगारवाला, तिघांचं संगनमत असणार! माझी पाठ कुळागराकडे, म्हणजे घरामागच्या पोफळीच्या बागेकडे. मागच्या फाळक्यावर ती बराच वेळ ब्रश फिरवत होती, पण मला काही दिसेना.

रविवारी स्वप्नील गॅस कटर घेऊन हजर. त्याला मागे नेताना कृष्णनाथ थबकला आणि सावकाश वाचू लागला.

‘लाल ट्रक चढणीला लागला.
हौद्यात माती.
डोंगराला डोंगर परत.’

“हें कितें गो?” त्याने मागून आलेल्या सिद्धीला विचारलं.

“पप्पा, पयले कवितेंत ट्रक ना आशिल्लो. मागीर दिसलें, ती माती परत व्हरतलो कोण?” माती परत नेणार कोण, हा तिचा प्रश्न.

कृष्णनाथने तळहाताने फाळक्यावरची धूळ पुसली. “आज नाका,” तो स्वप्नीलला म्हणाला.

“मी परत येतलंय,” स्वप्नील म्हणाला.

येईलच तो. कवितेने टाकी भरत नाही, आणि माझा संशयही पुरता गेलेला नाही. तरी वाचणाऱ्यांनो, एकदा कुणीतरी डिझेल घाला, नाहीतर उद्याच्या पृथ्वीवर जे मिळत असेल ते घाला आणि चावी फिरवा. डोंगराची वाट मला पाठ आहे. आजवर ती मी रिकामाच चढलो. एकदा मला भरून चढू द्या.