बनुबाईच्या घराखालचा काठ

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. कराडच्या लोहाराने मला घडवलं तेव्हा मी माणसाच्या खांद्याला लागायची. आता झिजून कमरेएवढी उरले आहे. निजाम गवंड्याच्या हाती मी जन्मभर दगड हलवले, पण दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा तो उन्हाळा मी विसरत नाही.

कृष्णा नदी दर पावसाळ्यात बनुबाईच्या घराखालचा काठ खात होती. घरापासून दरड आता बाराच पावलांवर आली होती. निजामने दगडचुन्याची उभी भिंत बांधायचं ठरवलं. बनुबाईचा पुतण्या कृष्णात फौजेत रस्ते-पूल बांधून आला होता. तो म्हणाला, "चाचा, उभी भित टिकायची न्हाई. काठाला उतार द्या, वर दगूड बसवा."

"माझी एक भित पडल्याली दाव की रं!" निजाम तडकला.

बनुबाईने मला उचललं आणि गुडघाभर पाण्यात उतरून काठाच्या बुडाशी दाबलं. घाव न घालताच मी अर्धी आत गेले. टणक असं काही मला लागलंच नाही.

"निजामदादा, भित उभी करायची कशावर?"

निजामने मला उपसून स्वतः चार ठिकाणी खुपसून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "माझंच चुकत हुतं, बनुबाई. पाणी खालचा गाळ काढंल, अन् भित घरासकट नदीत जाईल."

मग पाणी अडवून बुडाशी चर खणला. खाली मुरूम लागून मी ठण्णकन वाजले, तेव्हा सगळे हसले. तिथे सर्वांत जड दगड बसवले. काठ उतरता कापला, मागची माती वाहू नये म्हणून खडी पसरली आणि तिच्यावर दगड रचले. माथ्यावर बनुबाईने हराळी लावली.

श्रावणात पूर आला. तीन दिवस काठ दिसेना. बनुबाईचा संसार बैलगाडीत भरून देवळापाशी उभा होता. चौथ्या दिवशी पाणी उतरलं. निजाम मला घेऊन एकेक दगड चाचपत खाली गेला. पायथ्याचे दोन दगड वीतभर खचले होते, पण खाली घट्ट बसले होते. तो तिथेच ओल्या दगडावर बसला आणि ओरडला, "काठ हाय तसाच हाय!"

वर उभ्या बनुबाईने डोळ्यांना पदर लावला. "कृष्णात, बैलं सोड रं. आमी कुटंबी जात न्हाई."

मित्रांनो, पूर ओसरला की तुमच्याही गावच्या काठाच्या बुडाशी उतरून बघत जा. वरून सगळंच धड दिसतं.